खडूचा मचवा

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला एकच अर्थ असे आणि तो नाना ठरवत. नाना म्हणजे माझे वडील. अलिबागच्या कोर्टात ते वकिली करत, आणि गंमत अशी की त्यांचं पोट चालायचं तेच मुळी कुठल्याही हकिकतीला दोन बाजू असतात या एका गोष्टीवर. सकाळी ओटीवर येरझारा घालत ते त्या दिवशीचं भाषण घोकत. आज नारळाची वाडी थोरल्या भावाची असे, पुढे कधीतरी दुसऱ्याच्या दाव्यात तशीच वाडी धाकट्याची असे, आणि दोन्ही वेळा नानांचा आवाज सारख्याच सात्त्विक संतापाने थरथरे. मी आणि आई स्वयंपाकघरात वाल सोलत बसलेल्या असायचो. मोड आलेले वाल बोटांत दाबले की सालीतून सुळकन बाहेर येतात, त्या आवाजावर नानांचं 'साहेब, न्यायाची चाड असलेला कोणताही मनुष्य' चालू असे. पण संध्याकाळी काळा कोट खुंटीला लागला की दुसरी बाजू त्याच्याबरोबर खुंटीवरच राही. बिरड्यात मीठ जास्त आहे म्हणाले की जास्त. मग आई निमूट पानातली वाटी उचलून आत नेई, तसंच थोडा वेळ ठेवी आणि तीच वाटी परत आणून वाढी. "आता कसं छान झालं," नाना म्हणत. आमच्याकडचं न्यायदान असं चाले.

त्यांची एक आवडती गोष्ट होती. पाहुणे आले, जेवणं झाली, सुपारी कातरली जाऊ लागली की ती निघालीच म्हणून समजावं. आईचं माहेर खाडीपलीकडचं, दिघीकडचं. लग्न तिकडे लागलं आणि वऱ्हाड शिडाच्या मचव्यातून आगरदांड्याला आलं. "आमच्या हिने आख्खी खाडी माझं उपरणं सोडलं नाही हो!" नाना सांगत. "मूठ अशी आवळलेली. मान खाली. मी मनात म्हटलं, लाजरी आहे, पण जीव जडला." पाहुणे हसत. आई ताटातलं सुपारीचं खांड उगाच इकडचं तिकडे करी. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की तिच्यात ऐकण्यासारखं काही असेल असं माझ्या कधी डोक्यातही आलं नाही.

शाळेत तरी वेगळं काय होतं? आमचे थोरले मराठीचे मास्तर कवितेला हात लावायच्या आधी हातरुमालाने खुर्ची झटकत, आणि मग कवितेलाही तसंच झटकत. 'कवीला येथे काय म्हणावयाचे आहे' असं म्हणून ते अर्थ सांगत, आम्ही तो उतरून घेत असू, आणि परीक्षेत त्यांचाच अर्थ त्यांना परत करत असू. कवीला जे म्हणायचं ते त्याने सरळ का म्हटलं नाही, असं एकदा पदू पाटलाने विचारलं. पदू आगऱ्यांचा, मिठागरावरच्या गावातून रोज चालत यायचा. त्याला बाकावर उभं केलं. आज माझ्या नातीच्या हातात गुळगुळीत कागदाचं गाईड असतं आणि त्यात प्रत्येक कवितेखाली चौकटीत 'मध्यवर्ती कल्पना' छापलेली असते. ते पाहिलं की वाटतं, थोरले मास्तर मेलेच नाहीत, त्यांना फक्त छापखाना मिळाला.

या सगळ्यावर कळस म्हणजे रावसाहेबांचं काव्य. रावसाहेब नागावचे. मामलेदारीतून निवृत्त झालेले, नारळी-पोफळीच्या मोठ्या वाडीचे मालक आणि आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. निवृत्तीनंतर माणसाने वाडीला पाणी घालावं, नातवंडं खेळवावीत. रावसाहेबांना कविता झाली. त्यांच्या घराण्यात फार पूर्वी एक सून येता येता खाडीत गेली होती, तिच्यावर त्यांनी एक लांबलचक खंडकाव्य रचलं, स्वतः छापलं आणि शाळेच्या अवांतर वाचनाला लावलं. हकीकत अशी: नवऱ्या मुलाचं वऱ्हाड दिघीहून मचव्यातून निघतं, वादळ होतं, मचवा हाकणारा भित्रा तांडेल 'भार हलका करा' म्हणून ओरडतो, आणि ती नवी नवरी सासरच्या कुळासाठी स्वतः पाण्यात उडी घेते. बाकीचे सगळे बचावतात. मला अजून त्यातल्या ओळी पाठ आहेत, कारण वाईट कविता विसरायची सोय देवाने केलेली नाही:

घेउनि कंकण-नाद अंतरी कुलदीपाची कांती,
उडी टाकिली त्या साध्वीने, झाली जलधिस शांती.

कंकणाचा नाद अंतरी घेऊन कुणी उडी कशी टाकतं, हे रावसाहेबांनाच ठाऊक. पण ती जिथे बुडाली म्हणत तो खाडीतला खडक खरोखर होता. त्याला नवरीचा खडक म्हणत, आणि तिकडून येणारी प्रत्येक नवरी तिथे मचवा थांबवून खण, नारळ, तांदूळ अशी ओटी पाण्यात सोडी. काव्यामुळे रावसाहेबांच्या घराण्याला जणू खडकाचीच सनद मिळाली.

आता माझं यात काय अडलं होतं, तर त्याच रावसाहेबांचा नातू मला सांगून आला होता. मुलगा मुंबईला कुठल्याशा कचेरीत होता. नानांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. त्या घरात सुनांनी शाळेत जाण्याची चाल नव्हती, म्हणजे ठरलं की शाळा बंद. मला मॅट्रिक व्हायचं होतं. का व्हायचं होतं ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की या घरातल्या अर्थातून उठून त्या घरातल्या अर्थात जाऊन बसायचं, तर मधे एखादी जागा तरी माझी असावी. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बाय, मला सांगून काय उपेग? मी पण ते म्हणतात तेच ऐकते." शाळेच्या संमेलनात ते खंडकाव्य मी म्हणायचं असंही ठरलं. होणाऱ्या आजेसासऱ्यांचं काव्य, होणाऱ्या नातसुनेच्या तोंडून. असल्या कल्पना सुचायला मामलेदारच व्हावं लागतं.

त्याच सुमाराला थोरले मास्तर दम्याने अंथरूण धरून बसले आणि त्यांच्या जागी पेडणेकर मास्तर आले. वेंगुर्ल्याकडचे होते. दिसायला अगदी काही नाही. कोटाची बाही तपकिरीने माखलेली, धोतराचा काठ उसवलेला, आणि बोलता बोलता खिशातलं काहीतरी शोधण्याची सवय, जे त्यांना कधी सापडलं नाही. पहिल्या तासाला त्यांनी रावसाहेबांचं पुस्तक वाचून दाखवलं, मिटलं, आणि विचारलं, "या मचव्यात कोण कोण आहे?" आम्ही वह्या उघडून अर्थाची वाट बघत बसलो. अर्थ आला नाही. त्याऐवजी मास्तरांनी बाक भिंतीला लावायला सांगितले, धोतर सावरून खाली बसले आणि फरशीवर खडूने भलामोठा मचवा काढला. पुढे नाळ, मागे सुकाणू, मधे डोलकाठी. "आत बसा," म्हणाले. "जो ज्याच्या जागी बसेल, त्याने तिथूनच बोलायचं. आणि जे बोलाल ते कवितेत कुठे आहे ते दाखवायचं. नाही दाखवता आलं तर मचव्यातून खाली."

सुकाणूवर हसन बसला. त्याचा चाचा आगरदांड्याला तरीची होडी चालवायचा. कवितेत तांडेल भित्रा आहे आणि मलाही तोवर तो भित्राच वाटत होता, कारण छापलेलं होतं. हसनने पुस्तक हातात घेतलं आणि बसल्या बसल्याच सुरुवात केली. "मास्तर, हितं लिवलंय, निघतानाच काळे ढग होते. मग तांडेल मचवा काढलच कशाला? आमच्यात कोण काढत नाय. त्याला कुणीतरी काढायला लावलंय."

"कोणी?"

"वऱ्हाडानं. दुसरं कोण हाय?"

यावर वामन उसळला. वामन भटजींचा मुलगा, शेंडीला गाठ मारून शाळेत यायचा आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'वस्तुतः'ने करायचा. गृहप्रवेशाचा मुहूर्त टळत होता, तो टळू देणं हे वादळापेक्षा वाईट, आणि हे कवितेत तिसऱ्याच श्लोकात आहे, असं त्याने बोट ठेवून दाखवलं. ते खरंच होतं. मास्तरांनी मान डोलावली. मग पदू पाटील, जो मचव्याच्या मधोमध सामानाच्या जागी पाय पसरून बसला होता, म्हणाला, "मास्तर, मी भांडी हाय. बोलू का?" वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "भांडी काय म्हणतात?"

"भांडी म्हणतात, आमी वाचलो कशी? मिठाचा मचवा बुडाया लागला तर आधी मीठ टाकतात. मानूस न्हाय टाकत. आनि हितं शेवटी लिवलंय की नवरीच्या म्हायेरचे हंडे आनि घंगाळ अजून त्यांच्या घरात हायेत. म्हंजे तांबं ऱ्हायलं आनि ती गेली."

मी स्वतः ते काव्य तोंडपाठ केलं होतं. शेवटच्या श्लोकातले हंडे कितीतरी वेळा माझ्या तोंडून गेले होते. त्यांचं वजन काही मला कधी लागलं नव्हतं. पाठांतराची हीच खुबी आहे, तोंड भरलेलं असलं की डोकं रिकामं राहिलं तरी चालतं.

नवरीच्या जागी मला बसवलं होतं, कारण वर्गात आम्ही दोघीच मुली आणि दुसरी त्या दिवशी आली नव्हती. नवऱ्याच्या जागी बसायला कोणी तयार होईना, तेव्हा मास्तरांनी वामनचं नाव घेतलं. तो माझ्यापासून इतका दूर बसला की मचव्याच्या बाहेर गेला. "नवरदेव पाण्यात का?" मास्तरांनी विचारलं. सगळे खिदळले. वामन लालबुंद झाला आणि त्याने आपलं नेहमीचं हत्यार काढलं. "वस्तुतः हे सगळं नाटक अशास्त्रीय आहे, मास्तर. लग्न लागल्यावर नवऱ्याच्या उपरण्याला नवरीच्या पदराची गाठ मारलेली असते. घरी जाऊन लक्ष्मीपूजन होईपर्यंत ती सोडत नाहीत. मग नवऱ्याची बहीण सोडते. तेव्हा वर-वधू असे सुटे बसलेले दाखवणं मुळातच चूक आहे." एवढं बोलून तो विजयी मुद्रेने मचव्यात येऊन बसला.

मग सुकाणूवरून हसन हळूच म्हणाला, "मग ती उडी मारल तर नवरा पण तिच्यासंगं जायल."

"गाठ कोणी सोडली?" मी विचारलं.

हे मी धाडस म्हणून विचारलं नाही, खरोखर मला कळेना म्हणून विचारलं. पेडणेकर मास्तरांनी खिशात काहीतरी शोधलं, मिळालं नाही, आणि मग म्हणाले, "एकेकाने सांगा. आणि कवितेत कुठे?" त्यानंतर जे झालं तसा गलबला मी पुढे साऱ्या आयुष्यात कुठल्या वर्गात ऐकला नाही. वामन म्हणाला, तिनेच सोडली, साध्वी होती, आणि म्हणूनच कंकण-नाद. गाठ सोडताना बांगड्या वाजणारच. मास्तर म्हणाले, "शाब्बास. मला पटत नाही, पण शाब्बास, ओळीला धरून बोललास." पदू म्हणाला सासूने, कारण सासू 'अश्रू ढाळी' असं उडीच्या आधीच्या श्लोकात आहे, तिला आधीच कसं कळलं? हसन म्हणाला, नवऱ्यानेच सोडली असेल, भीतीने माणूस काहीही करतो, कारण आख्ख्या काव्यात नवरा एकही शब्द बोलत नाही. मी म्हटलं, नवरीही बोलत नाही. तिने उडी घेतली हे आपल्याला सांगितलं ते सगळे मचव्यात राहिलेले लोक आहेत. वकिलाची मुलगी होते, साक्षीदार कोण आणि त्याचा फायदा कशात, हे वाल सोलता सोलता कानांवर पडलेलं होतं; कामाला मात्र ते पहिल्यांदाच आलं.

"पण खरं काय, मास्तर?" तास संपताना वामनने कळवळून विचारलं. त्याच्याने अर्थाशिवाय घरी जाववेना. मास्तर म्हणाले, "ते मला माहीत नाही. कवीलाही माहीत नसेल. त्याने एका जागेवर बसून लिहिलं. तुम्ही चार जागांवर बसून वाचलंत."

हल्ली मला परिसंवादांना बोलावतात. तिथे तरुण प्राध्यापक सांगतात की प्रत्येकाचा अर्थ आपापल्या जागी बरोबर असतो, आणि मग चहा होतो. मला हसू येतं. प्रत्येकाचा अर्थ बरोबर असता तर रावसाहेबांचाही बरोबर झाला असता. पेडणेकर मास्तरांच्या मचव्यातून त्या एका तासात कितीतरी जण खाली उतरवले गेले, कारण त्यांना ओळ दाखवता आली नाही. जागा कितीही असोत, बसायला आधार लागतोच. हे या मंडळींना सांगितलं की ते 'बाईंचा अनुभव मोठा' म्हणतात आणि चहात बिस्किट बुडवतात.

अलिबागसारख्या गावात शाळेतला खडू फरशीवरून पुसायच्या आधी बातमी बाजारात पोचते. वकिलाच्या इंदूला भर वर्गात भटजींच्या वामनजवळ बसवली, इथपासून मास्तर बाटगे आहेत, इथपर्यंत सगळं झालं. गाठीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही, तेवढं सोडून सगळ्यावर बोलणं चाललं होतं. नाना घरी आले ते कोट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "रावसाहेबांच्या घराण्यावर खुनाचा आळ घेतलास म्हणे?"

"मी फक्त विचारलं, गाठ कोणी सोडली."

"तेच ते. अशा प्रश्नाला एकच अर्थ असतो."

नशीब माझं, की रावसाहेब थोर मनाचे निघाले. त्यांनी निरोप पाठवला: पोर अजाण आहे, दोष मास्तराचा. रविवारी दुपारी मुलगी बघायला येतो, नारळही घेऊनच येतो, पोरीची शंका मी स्वतः फेडीन, आणि मास्तरचं काय करायचं ते कमिटी बघेल. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांनी बजावलं, "काव्य म्हणायचं, नमस्कार करायचा, आणि विचारलंच तर म्हणायचं, ती मास्तरांची फूस होती. एवढं केलंस की सगळं सुरळीत." मी म्हटलं, फूस नव्हती. नाना म्हणाले, "असेल नसेल, म्हणायला काय जातं?" कोर्टात हेच वाक्य ते पक्षकारांना सांगत असणार, मला काही शंका नाही.

रविवारी आईने सकाळपासून खाजाचे कानवले केले. आमच्या लोकांत कानवल्यावरून घराची परीक्षा होते. पारी लाटायची, तुपा-पिठाचा साटा लावायचा, गुंडाळी करायची, कापायची, पुन्हा लाटायची, की तळताना पदर न् पदर सुटा झाला पाहिजे. आई लाटत होती आणि मी सारण भरत होते. एकदा तिने विचारलं, "पदू पाटील काय म्हणाला म्हणालीस, भांड्यांबद्दल?" मी सांगितलं. तिने लाटणं थांबवलं, मग पुन्हा लाटायला लागली.

रावसाहेब आले. पांढरी मिशी, जरीची टोपी, बरोबर नातू आणि त्याचे वडील. नातवाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तो सारखा आपल्या बुटांकडे बघत होता, आणि बूट नवे होते एवढं मला कळलं. नारळ ताटात, ताटावर खण. मला समोर पाटावर बसवलं. मी ते काव्य अथपासून इतिपर्यंत म्हटलं. रावसाहेब डोळे मिटून, स्वतःच्या ओळीला स्वतःच मान डोलावत होते. संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि गोड आवाजात म्हणाले, "तुला काही शंका होती ना गं, बाळ? विचार. मोकळेपणी विचार."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगितलेलं वाक्य मला पाठ होतं, म्हटलं तर तेही काव्याइतकंच सोपं होतं. ते म्हटलं असतं तर पेडणेकर मास्तर गेले असते आणि मी नागावच्या घरात, त्या घंगाळाशेजारी गेले असते.

"आजोबा," मी म्हटलं, "गाठ कोणी सोडली?"

नाना खाकरले. पण रावसाहेब चिडले नाहीत. मोठे हसले. "एवढंच होय? अगं, त्यात लपवण्यासारखं काय? आमच्या पणजोबांच्या थोरल्या बहिणीने सोडली. फार प्रसंगावधानी बाई. घरात अजून तिचं नाव काढतात. नाहीतर पणजोबाही जायचे की खाली! घराण्यात मुलगा तो एकच. मग आम्ही कुठे असतो?"

आत स्वयंपाकघरात उलथन्याचा आवाज थांबला. नाना जरा पुढे सरकून बसले. मला ती बैठक ओळखीची होती, कोर्टात मी ती एकदा खिडकीतून पाहिली होती. "रावसाहेब," ते अगदी सहज म्हणाले, "म्हणजे गाठ सोडली ती उडीच्या आधी?"

"आधीच. नंतर कशी सोडणार?"

"आणि उडी घेते असं ती बाई काही बोलली होती?"

"बोलायला कशाला हवं, वकीलसाहेब?" रावसाहेबांना खरोखर आश्चर्य वाटलं. "चांगल्या घरची मुलगी होती. गाठ सुटली की तिला कळायचं ते कळलं. पणजोबांचं पुढे लगेच दुसरं झालं, आम्ही त्यांचेच. कुळ टिकलं पाहिजे, दुसरं काय?" आणि त्यांनी एक कानवला उचलून तोंडात टाकला. पदर छान सुटले होते, असं ते म्हणाले.

नाना काही त्या क्षणी सुधारक झाले नाहीत. पुढेही कधी झाले नाहीत, बिरड्यातल्या मिठाचा न्याय शेवटपर्यंत तसाच चालला. पण जन्मभर लोकांच्या तोंडून घाम गाळून काढावी लागलेली कबुली समोरचा माणूस कानवला खाता खाता देतो, हे त्यांना ऐकू आलं. आणि त्या कबुलीत त्यांची मुलगी नेऊन बसवायची होती, हेही दिसलं. ते उठले. ताटातला नारळ उचलला आणि रावसाहेबांच्या हातात दिला. "हा तुमच्या वाडीतला. घरी न्या," म्हणाले. "इंदूला मॅट्रिक करायचं आहे."

रावसाहेबांना आपला अपमान झाला आहे हे कळायलाही थोडा वेळ लागला. कळल्यावर मग त्यांनी नानांची सनद, आमची जात-पोटजात, माझा रंग, सगळं काढलं. बूट दारातून बाहेर पडताना कुरकुर वाजले. आमच्याकडून परत गेलेला नारळ त्यांनी अर्थातच वाया घालवला नाही. वर्ष संपता संपता कमिटीने पेडणेकर मास्तरांना नारळ दिला. तपकिरीच्या डबीसकट ते कुठे गेले ते मला कधी कळलं नाही. त्यांच्या जागी जे आले ते पुन्हा अर्थ सांगायला लागले. मी मॅट्रिक झाले, पुढे जन्मभर मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं आणि दर वर्षी फरशीवर एक मचवा काढला. त्याबद्दल मला किती ठिकाणी समज मिळाली ते मी इथे सांगत बसत नाही. नागावला आता मुंबईकरांचे बंगले झाले आहेत. रावसाहेबांच्या वाडीतही झाले. तिथल्या एका दिवाणखान्यात तांब्याचं मोठं घंगाळ शोभेला ठेवलंय आणि त्यात कागदाची फुलं आहेत. मी पाहुणी म्हणून गेले होते, पाहिलं, आणि चहा घेतला नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच रविवारचं. पाहुणे गेल्यावर नाना बराच वेळ झोपाळ्यावर बसून होते. कड्या किरकिरत होत्या आणि समुद्राकडून वारा सुटला होता. मी ताटं उचलत होते. त्यांनी मला हाक मारली आणि जरा संकोचाने विचारलं, "वर्गात अजून कोण काय म्हणालं? सांग तरी." मी सांगू लागले, हसनचं, पदूचं, वामनच्या बांगड्यांचं. नाना मधे मधे 'हं, बरोबर' म्हणत होते. आई कधी दारात येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. हाताला पीठ तसंच होतं.

"मी पण दिघीहूनच आले होते," ती म्हणाली. "खडकाशी मचवा थांबवला. तुमच्या आक्का, आमच्या थोरल्या वन्सं, माझ्या शेजारीच बसल्या होत्या. वारा सुटला होता." तिने हाताचं पीठ पदराला पुसलं. "आमच्याकडे सगळ्या मुलींना सांगून पाठवतात. खाडी संपेतो गाठ मुठीत ठेवायची. म्हणून मी तुमचं उपरणं सोडलं नव्हतं."

झोपाळा थांबला. "मला वाटलं, तू लाजत होतीस," नाना म्हणाले.

"वाटू दिलं," आई म्हणाली, आणि उरलेले कानवले डब्यात भरायला आत गेली.